पाणी नितळ दिसतं, पण पिण्यायोग्य आहे का? जुन्नर-आंबेगावच्या उदाहरणातून समजून घ्या पाणी तपासणीचं रसायनशास्त्र

समजा, तुमच्यासमोर पाण्याचे दोन ग्लास ठेवले आहेत. एक आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्याच्या बाजूच्या ओढ्यातून जुलै महिन्यात भरलेला. पाणी लालसर, गढूळ. दुसरा त्याच तालुक्याच्या पूर्वेला, लोणी-धामणीकडच्या एखाद्या बोअरवेलचा. पाणी काचेसारखं नितळ. यातलं कोणतं पाणी प्याल, असं विचारलं तर जवळपास सगळे दुसऱ्या ग्लासाकडे बोट दाखवतील.

पहिला ग्लास तसाच पिऊ नये, हे खरंच आहे. पण दुसरा निर्धोक आहे, असं नुसतं बघून सांगता येत नाही. गढूळ पाण्यातली माती डोळ्यांना दिसते आणि ती घरच्या घरी काढता येते. नितळ पाण्यात जे विरघळलेलं असतं ते दिसत नाही, फडक्यातून गाळून निघत नाही आणि काही वेळा पाणी उकळल्यावर त्याचं प्रमाण उलट वाढतं.

म्हणूनच पाण्यात काय मिसळलं आहे याइतकंच ते कसं मिसळलं आहे, हेही समजून घ्यावं लागतं. शाळेत मिश्रणांचे प्रकार पाठ करताना त्याचा उपयोग काय, असा प्रश्न अनेकांना पडलेला असतो. पाणी तपासणी हा त्याचा सगळ्यात जवळचा उपयोग आहे.

पाणी म्हणजे मिश्रण कसं?

हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाण्याचा रेणू बनतो, हे आपण शिकलेलो असतो. त्या अर्थाने पाणी हे संयुग आहे. पण विहिरीत, नळाला किंवा नदीत येणारं पाणी कधीच निव्वळ पाणी नसतं. त्यात माती, क्षार, वायू आणि सूक्ष्मजीव असतात. म्हणजे आपण पितो ते मिश्रण.

या मिश्रणाचे तीन प्रकार लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं होतं.

निलंबन: कण मोठे असतात. पाणी स्थिर ठेवलं की ते तळाशी बसतात. फडक्यातून गाळलं तर बरेचसे अडकतात. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यात येणारी वाळू आणि माती हे याचं उदाहरण.

कलिल: कण खूप बारीक, साधारण १ नॅनोमीटर ते १ मायक्रोमीटर. ते सहजासहजी तळाशी बसत नाहीत आणि साध्या फडक्यातून आरपार जातात. दूध हे कलिलाचं रोजच्या पाहण्यातलं उदाहरण. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कणही पाण्यात असेच तरंगत राहतात, म्हणून रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळीही धुरकट दिसतं.

द्रावण: इथे कण रेणूंच्या किंवा आयनांच्या आकाराचे असतात. मीठ पाण्यात विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन वेगळे होऊन सगळीकडे सारखे पसरतात. ते खाली बसत नाहीत, गाळून निघत नाहीत आणि दिसतही नाहीत.

द्रावण सगळीकडे सारखं असतं म्हणून त्याला समांगी मिश्रण म्हणतात. निलंबन आणि कलिल ही विषमांगी मिश्रणं.

यातला फरक घरी पाहता येतो. अंधाऱ्या खोलीत काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि बाजूने मोबाइलच्या टॉर्चचा झोत टाका. मिठाच्या पाण्यात झोताचा मार्ग जवळजवळ दिसत नाही. पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकले की तो स्पष्ट दिसतो, कारण कलिलाचे कण प्रकाश विखुरतात. याला टिंडल परिणाम म्हणतात. प्रयोगशाळेत पाण्याचा गढूळपणा मोजणारं यंत्रही विखुरलेला प्रकाशच मोजतं.

तुरटी नेमकं काय करते?

चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या आयनांवर धन भार असतो. तुरटी फिरवली की हे आयन कणांवरचा भार निष्प्रभ करतात. शिवाय पाण्यातल्या बायकार्बोनेटशी अभिक्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात. त्यात माती अडकते आणि पुंजके तळाशी बसतात. म्हणजे तुरटी कलिलाला निलंबनासारखं वागायला लावते.

निवळीचं बी उगाळून पाण्यात टाकायची जुनी पद्धतही याच तत्त्वावर चालते. पाणी निवळतं म्हणूनच त्या झाडाचं नाव निवळी. शेवग्याच्या बियांमधली प्रथिनंही असंच काम करतात.

पण दोन गोष्टी तुरटीला जमत नाहीत. ती विरघळलेले क्षार काढत नाही आणि पाणी जंतुमुक्त करत नाही. माती बसताना काही जंतू तिच्यासोबत खाली जातात, सगळे नाही.

एकाच भागात पाण्याचे इतके प्रकार का?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीला टेकलेली आहे. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या पट्ट्यात धो धो पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकत जाल तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. आणे पठार आणि लोणी-धामणी हे भाग तर टंचाईसाठीच ओळखले जातात. मधल्या पट्ट्याला कुकडी प्रकल्पाचा आधार आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्यातली पाच धरणं. त्यांच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो अशी बारमाही शेती उभी राहिली.

या सगळ्या भागाखाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेत खाली जातं, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होतं. कातळाच्या भेगांतून झिरपताना ते खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवत जातं. पाणी खडकात जितका जास्त काळ राहील, तितके त्यात क्षार अधिक.

यावरून एक ढोबळ अंदाज बांधता येतो. पश्चिमेकडे जोरदार पावसानंतर लगेच बाहेर पडणाऱ्या झऱ्याच्या पाण्यात क्षार कमी, पण पावसाळ्यात माती आणि जंतूंचा धोका जास्त. पूर्वेकडे खोल बोअरवेलच्या पाण्यात माती नाही, पण विरघळलेले क्षार जास्त. बागायती पट्ट्यात त्यात खतांमधून झिरपणाऱ्या नायट्रेटची भर पडू शकते. अर्थात हा अंदाजच. शेजारच्या दोन विहिरींचं पाणीही वेगळं निघू शकतं, म्हणून तपासणीला पर्याय नाही.

पाणी आणि खडक यांचं हे नातं इथे जुनं आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यांमध्ये नहपान राजाचा अमात्य अयम याने पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिल्याचा शिलालेख आहे. अशा टाक्यांत साठणारं पावसाचं पाणी कातळात खोलवर मुरून आलेलं नसतं, त्यामुळे त्यात क्षार सहसा कमी असतात. पण टाकं उघडं असेल तर पाला आणि जंतू पडायला वेळ लागत नाही. क्षार कमी आहेत, एवढ्यावरून पाणी सुरक्षित ठरत नाही.

डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे कशामुळे?

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्याला दुष्फेन किंवा जड पाणी म्हणतात. हे आयन साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, म्हणून फेस येत नाही. डाळीच्या सालातल्या पेक्टिनला ते घट्ट करतात, म्हणून डाळ लवकर शिजत नाही.

जडपणा बायकार्बोनेटमुळे असेल तर पाणी उकळल्यावर तो बराच कमी होतो. बायकार्बोनेटचं रूपांतर कार्बोनेटमध्ये होतं आणि ते पातेल्याच्या किंवा गिझरच्या आत पांढरा थर होऊन बसतं. हा तात्पुरता जडपणा. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा उकळून जात नाही.

प्रयोगशाळेत जडपणा कसा मोजतात? ५० मिलिलिटर पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचं सूचक टाकतात. पाणी वाइनसारखं लालसर होतं. मग ठरावीक तीव्रतेचं ईडीटीए हे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला धरून ठेवतं. सगळे आयन पकडले गेले की रंग निळा होतो. नेहमीच्या ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. समजा १८ मिलिलिटर लागले, तर ५० मिलिलिटर पाण्यात १८ मिलिग्रॅम, म्हणजेच लिटरला ३६० मिलिग्रॅम.

हा आकडा चांगला की वाईट?

त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक पाहावं लागतं. त्याचा क्रमांक आयएस १०५००, वर्ष २०१२. त्यात बहुतेक घटकांसाठी दोन मर्यादा आहेत. पहिली स्वीकारार्ह. दुसरी, पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेता येईल अशी कमाल मर्यादा. मुख्य घटकांचे आकडे असे (पीएच आणि गढूळपणा सोडून सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर):

• पीएच: ६.५ ते ८.५
• गढूळपणा: १ एनटीयू, कमाल ५
• एकूण विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे टीडीएस: ५००, कमाल २,०००
• एकूण जडपणा: २००, कमाल ६००
• क्लोराइड: २५०, कमाल १,०००
• फ्लोराइड: १, कमाल १.५
• नायट्रेट: ४५, सवलत नाही
• ई. कोलाय जिवाणू: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको

म्हणजे वरच्या उदाहरणातलं ३६० जडपणाचं पाणी स्वीकारार्ह मर्यादेबाहेर आहे, पण दुसरी सोय नसेल तर चालतं. नायट्रेटला मात्र दुसरी मर्यादा नाही, आणि ही बाब महत्त्वाची आहे.

नायट्रेटची इतकी काळजी का?

युरिया, शेणखत, गोठ्याचं सांडपाणी, शौचालयाचे शोषखड्डे या सगळ्यांतला नायट्रोजन जमिनीत शेवटी बहुतांशी नायट्रेटच्या रूपात येतो. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं आणि मातीला फारसं चिकटत नाही. पाऊस किंवा जास्तीचं सिंचन झालं की ते थेट खाली जातं. त्याला रंग नाही, वास नाही, या प्रमाणात चवही नाही.

सर्वाधिक धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना असतो. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं. त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडू शकतं. याला ब्लू बेबी सिंड्रोम म्हणतात. बाळाला वरचं दूध किंवा पावडरचं दूध पाण्यात कालवून दिलं जात असेल, तर त्या पाण्याचा नायट्रेट अहवाल पाहायलाच हवा.

इथे उकळण्याचा उपाय उलटा पडतो. ४ लिटर पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे एकूण १८० मिलिग्रॅम. पाणी उकळून आटत ३ लिटर झालं तर वाफ गेली, नायट्रेट मागेच राहिलं. आता ते लिटरला ६० मिलिग्रॅम झालं. जंतू मेले, पण पाणी मर्यादेबाहेर गेलं.

अहवाल वाचताना आणखी एक काळजी घ्या. काही प्रयोगशाळा नायट्रेटऐवजी 'नायट्रेट-नायट्रोजन' असा आकडा देतात. त्याची मर्यादा साधारण १० असते. १० आणि ४५ हे एकाच मर्यादेचे दोन आकडे आहेत. तुमच्या अहवालात कोणता आहे, हे विचारून घ्या.

टीडीएस मीटरवर विसंबून राहता येईल का?

पाणी शुद्धीकरण यंत्र विकणारे अनेकदा पेनसारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवून दाखवतात. हे मीटर प्रत्यक्षात पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं. ज्या पदार्थांचे आयन होत नाहीत, ते त्याला जाणवतच नाहीत. एका ग्लासात चमचाभर मीठ आणि दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळवून पाहा. मिठाच्या पाण्यात आकडा एकदम चढेल, साखरेच्या पाण्यात जवळजवळ हलणार नाही.

मीटर जंतू दाखवत नाही. विरघळलेलं नेमकं काय आहे, तेही सांगत नाही. आकडा ३०० असेल, तर त्यात निरुपद्रवी बायकार्बोनेट किती आणि नायट्रेट किती, हे वेगळं तपासावं लागतं. म्हणून कमी टीडीएस म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे, आणि फक्त टीडीएस जास्त आहे म्हणून घाबरून महागडं यंत्र घेण्याचीही घाई नको.

जंतू कसे शोधतात आणि कसे मारतात?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. जंतूंच्या बाबतीतही नितळपणा हा पुरावा नसतो, याची ती आठवण होती.

गावपातळीवर वापरली जाणारी एक सोपी चाचणी म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची बाटली. ठरावीक खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवतात. विष्ठेशी संबंधित जिवाणू पाण्यात असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. त्याची बाटलीतल्या लोहाशी अभिक्रिया होऊन काळं आयर्न सल्फाइड बनतं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं, तर ते पिऊ नये.

जंतू मारण्यासाठी ग्रामपंचायती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात. पाण्यात तिच्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि ते जंतूंना मारतं. १०,००० लिटरच्या टाकीत लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन हवं असेल, तर २० ग्रॅम क्लोरीन लागेल. पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असेल तर सुमारे ६० ग्रॅम पावडर पुरते. पण पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातं. तेच प्रमाण २० टक्क्यांवर आलं, तर १०० ग्रॅम लागेल. जुनी पावडर नेहमीच्या मापाने टाकली की हिशेब इथेच चुकतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी तुरटी, मग क्लोरीन. गढूळ पाण्यात सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात आणि मातीच्या कणांआड जंतू लपतात. क्लोरीन टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावं लागतं.

शेवटच्या नळाला क्लोरीन पोहोचलं का, हे ओटी चाचणी सांगते. पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. तो पट्टीशी जुळवून प्रमाण कळतं. ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असावं. चाचणीचं पाणी मात्र ओतून द्यायचं, ते रसायन विषारी आहे.

नमुना कसा घ्यायचा?

• रासायनिक तपासणीसाठी किमान १ लिटरचा स्वच्छ कॅन घ्या. शीतपेयाची जुनी बाटली नको. कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा.
• जंतू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. ती विसळायची नाही. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं. ते उरलेलं क्लोरीन निष्प्रभ करतं. नाहीतर वाटेत जंतू मरतील आणि अहवाल फसवा येईल.
• हातपंप किंवा नळ दोन-तीन मिनिटं चालू ठेवून मग भरा.
• गाव, स्रोत, तारीख, वेळ लिहा. जंतू तपासणीचा नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवा.
• शक्य असेल तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा तपासा.

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. या यंत्रणेची स्थापना १९७२ ची, मुख्यालय पुण्यात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो. तुमच्या गावाचा शेवटचा अहवाल कधीचा आहे, हे त्याच्याकडे किंवा ग्रामसभेत विचारता येतं.

अहवाल आला, आता काय करायचं?

दोष कोणत्या प्रकारचा आहे, त्यावर उपाय ठरतो.

माती किंवा गढूळपणा असेल, तर तुरटी, निवळणं आणि गाळणं. जंतू असतील, तर उकळणं किंवा क्लोरीन. घरी यूव्ही यंत्रही चालतं, पण पाणी नितळ असेल तरच, कारण गढूळ पाण्यात अतिनील किरण आतपर्यंत पोहोचत नाहीत. फक्त तात्पुरता जडपणा असेल, तर उकळून गार करून वरचं पाणी घेणं पुरेसं.

नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल, तर तुरटी, कँडल फिल्टर, यूव्ही, उकळणं यातलं काहीही उपयोगाचं नाही. तिथे आरओ किंवा दुसरा स्रोत हवा. आरओ बरंच पाणी वाया घालवतं आणि टाकलेल्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते पाणी पुन्हा विहिरीजवळ सोडू नका. गावात दोन विहिरी असतील आणि एकीचं नायट्रेट मर्यादेत असेल, तर निदान लहान बाळांसाठी आणि गरोदर महिलांसाठी ते पाणी राखून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पण त्यासाठी दोन्ही विहिरींचे अहवाल हातात असायला हवेत.